प्रकल्प वह्या एआयने लिहिलेल्या असतील तर शाळेने करायचं काय?

चाफा
नमस्कार मंडळी. मी मुंबईतल्या एका अनुदानित मराठी शाळेत पर्यवेक्षिका आहे, नववी-दहावीला मराठी शिकवते. दिवाळीनंतर नववीच्या प्रकल्प वह्या जमा झाल्या, विषय होता 'पाण्याचा वापर'. एका वहीतलं पहिलंच वाक्य, "पाणी ही केवळ नैसर्गिक संपत्ती नसून मानवी अस्तित्वाचा आधारस्तंभ आहे." दुसऱ्या वहीत, "पाणी हा केवळ एक घटक नसून जीवनाचा अमूल्य ठेवा आहे." तिसऱ्यात परत तेच 'केवळ' आणि 'नसून'. समास आखलेले, अक्षर छान, शेवटी निष्कर्ष. आणि हीच मुलं पेपरात लिहितात "पाणी संपल तर पिणार काय म्हणून नळ बंद करायचा". मला खरं सांगायचं तर हेच वाक्य जास्त आवडतं, कारण ते त्या मुलाचं आहे.

आता संस्थेला या विषयावर लेखी धोरण हवंय. एक ट्रस्टी म्हणतात सरसकट बंदी घाला. दुसऱ्यांकडे एका कंपनीचा माणूस डेमो देऊन गेलाय, त्यांचं सॉफ्टवेअर म्हणे एआयचं लिखाण टक्केवारीसकट पकडून देतं, वर्षाची वर्गणी भरायची. स्टाफरूममध्ये दोन तट पडलेत. ज्यांच्या शाळेत काही ठरलंय, किंवा जे पालक आहेत, त्यांनी मोकळेपणाने लिहा. मला हे मनापासून नीट करायचंय.

मधलीसुट्टी
आमच्या वेळी गाईडमधून उतरवायचे सगळे. बाई वर्गात म्हणायच्या, "गाईडमधली छपाईची चूक पण उतरवलीत रे, निदान ती तरी दुरुस्त करायची!" :)

आडगल्ली
चाफाताई, ते सॉफ्टवेअर कृपया घेऊ नका. मी याच क्षेत्रात काम करतो म्हणून सांगतोय. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःच जानेवारी २०२३ मध्ये असं ओळखणारं साधन काढलं होतं आणि जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी आहे म्हणून स्वतःच बंद केलं. ज्यांनी यंत्र बनवलं त्यांनाच जमलं नाही. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधनं तपासली, इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशा लोकांनी स्वतः लिहिलेले टोफेलचे (इंग्रजीच्या परीक्षेचे) निबंध त्यांना दिले, तर सरासरी निम्म्याहून जास्त निबंध यंत्राने लिहिलेले ठरले! कारण साधी शब्दसंपत्ती आणि ठरावीक वाक्यरचना दिसली की त्या साधनाला यंत्राचा संशय येतो. आता विचार करा, नववीतलं साधंसुधं, सरळ लिहिणारं मूल. त्याच्यावर '८७ टक्के एआय' असा शिक्का बसला आणि ते खरंच त्याने लिहिलेलं असलं तर? त्या पोराने पुरावा कुठून आणायचा? बरं ही साधनं मुख्यतः इंग्रजीवर घडवलेली, मराठीत त्यांच्यावर विसंबायला काही आधारच नाही.

खडूफळा
निवृत्त शिक्षक. माझं मत स्पष्ट आहे, दहावीपर्यंत बंदीच हवी. लिहिणं म्हणजे विचार करणं. मूल वाक्य खोडतं, परत लिहितं, त्या खोडण्यात शिकतं. ते खोडणंच गेलं तर उरलं काय? स्वीडनसारखा देश २०२३ पासून परत छापील पुस्तकांकडे आणि हाताने लिहिण्याकडे वळला, त्यासाठी सरकारने पैसे काढून ठेवले. आणि आपण वर्गात नव्याने डिजिटल पॅनेल बसवत सुटलोय.

हार्बर लाईन
खडूफळा सर, आदर ठेवून असहमत. मी पालिकेच्या शाळेत शिकवते, गोवंडीच्या बाजूला. माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरात एकच स्मार्टफोन, तो वडिलांकडे, वडील रात्री नऊ-दहाला घरी येणार, तेव्हा अर्धा तास फोन मिळतो तोही भावंडांत वाटून. त्यामुळे आमच्याकडे एआयने वह्या भरण्याचा प्रश्न अजून तितका नाहीच. उलट एक मुलगी आहे सहावीतली, आई धुण्याभांड्याला जाते, घरात अभ्यास समजावणारं कोणी नाही. ती त्या अर्ध्या तासात फोनला बोलून विचारते की अपूर्णांकांची बेरीज करताना खालचा आकडा सारखा का करायचा. आणि दुसऱ्या दिवशी मला वर्गात सांगितलं, "टीचर, चपातीचे चार तुकडे आणि तीन तुकडे एकत्र मोजता येत नाहीत ना, म्हणून." कुठून कळलं ते मी विचारलं, लपवलं नाही तिने. ट्यूशन परवडणाऱ्याला ट्यूशन आहे, हिच्याकडे हा फोन आहे. सरसकट बंदी घातली तर मार हिलाच बसणार, ज्यांच्याकडे पैसे आहेत ते वापरतच राहतील.

खडूफळा
हार्बर लाईन ताई, ही मुलगी समजून घेण्यासाठी विचारतेय, तिला माझा विरोध असूच शकत नाही. विरोध वही भरून घेण्याला आहे. पण हा फरक धोरणात लिहिणार कसा? मुलगा म्हणणार मी समजून घेतलं आणि लिहिलं.

नववी ब
मी सध्या एका स्वयंअर्थसहाय्यित शाळेत आहे, कांदिवलीला. शिक्षक म्हणून रोज एआय वापरते, सांगायला लाज नाही. एकाच धड्यावर तीन पातळ्यांचे प्रश्न काढायचे, मागे पडलेल्या मुलांसाठी सोपा उतारा करून घ्यायचा, यात माझा संध्याकाळचा तासभर वाचतो. पण मराठीत ते फार चुकतं आणि ठामपणे चुकतं हे सगळ्यांनी लक्षात ठेवा. अलंकारांच्या सरावासाठी उदाहरणं मागितली तर तुकोबांच्या नावावर एक अभंग दिला, शेवटी 'तुका म्हणे' सुद्धा. वाचताना खटकलं म्हणून गाथेत शोधला, नाहीच. यंत्राने रचलेला. वृत्तात मात्रा मोजायला सांगा, तिथेही गडबड. तोच खोटा अभंग मी नंतर मुलांसमोर ठेवला आणि म्हटलं यात काय खटकतंय ते शोधा. अख्खा तास रंगला! एकाने म्हटलं, "मॅडम, तुकाराम इतकं गुळगुळीत नाही बोलणार."

मधलीसुट्टी
त्या पोराला माझ्याकडून एक वडापाव!

कोरा कागद
मुख्याध्यापिका आहे, पश्चिम उपनगरात. धाग्याचा विषय एआय आहे पण मला जरा वेगळं बोलायचंय, अवांतर वाटलं तर माफ करा. मुलाची वही त्याने लिहिली की यंत्राने हे पूर्वी शिक्षकाला एका नजरेत कळायचं कारण शिक्षक त्या मुलाला ओळखत होता. आता ओळखायला वेळच नाही आणि तो वेळ कुठे गेला ते बघा. युडायस प्लसवर, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवर, २०२२-२३ पासून प्रत्येक विद्यार्थ्याची वेगळी माहिती भरायची, आता अपारचा, म्हणजे विद्यार्थ्याच्या कायमच्या ओळखीचा, १२ अंकी क्रमांक, त्याला पालकांचं संमतीपत्र, पोषण आहाराची रोजची नोंद, शालार्थमध्ये पगार बिलं, ऑनलाईन प्रशिक्षणं आणि त्यांची प्रमाणपत्रं अपलोड करणं, हे सगळं एकेकटं बघितलं तर उपयोगाचंच आहे पण सगळं मिळून त्याच चार माणसांच्या डोक्यावर आहे. जनरल रजिस्टरमध्ये वडिलांचं नाव मोहम्मद, आधारवर नुसतं मो., झालं, नाव जुळत नाही. मग रोजंदारीवरचा बाप एक दिवसाची मजुरी बुडवून आधार केंद्रावर रांगेत. आणि ते जुळलं नाही तर संच मान्यतेत मूल धरलं जाणार की नाही ही धाकधूक, कारण पटावरून पदं ठरतात, चार मुलं कमी झाली की एक शिक्षक अतिरिक्त. त्यामुळे वर्गशिक्षिका ऑफ तासाला वही तपासत नाही, मोबाईलवर ओटीपी गोळा करते. पालकाला फोन करायचा, "ताई, आता एक नंबर आला असेल तो सांगा", ती माऊली लोकलमध्ये, आवाज येत नाही, तोवर ओटीपीची मुदत संपलेली.

शाळेत तंत्रज्ञान आलं पण ते आधी ऑफिसात आलं, वर्गात नाही. हे कोणीतरी संस्थेच्या मीटिंगमध्ये सांगायला पाहिजे.

गिरणगाव
कोरा कागद यांना +१००. शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम २७ वाचा. दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक काम द्यायचं नाही असं लिहिलंय. अपवाद आहेत तेच एवढे मोठे आहेत, बीएलओचं, म्हणजे मतदार याद्यांचं, काम आहेच, आता २०२७ ची जनगणना मोबाईल ॲपवर होणार. त्यात सप्टेंबर २०२५ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, पहिली ते आठवीच्या ज्या शिक्षकांची सेवा पाच वर्षांहून जास्त उरलीय त्यांनी दोन वर्षांत टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पास व्हायचं. माझी बायको विसाहून जास्त वर्षं शिकवतेय, रात्री मुलाच्या शेजारी बसून बालमानसशास्त्र पाठ करते. तिने एआयसाठी आणखी एक प्रशिक्षण कधी घ्यायचं?

आडगल्ली
गिरणगाव, वहिनींना शुभेच्छा. त्या पास होणार हो.

दोन मुलांची आई
पालकांच्या बाजूने लिहिते. मुलं सीबीएसईला, मुलुंडला. शाळेचं एक ॲप, बसचं दुसरं, फीचं तिसरं, शिवाय वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप. रात्री दहाला मेसेज येतो, उद्या 'ऊर्जेचे स्रोत' यावर चार्ट आणा. दहाला! दुकानं बंद, मूल अर्धवट झोपलेलं. मग आईच एआयला विचारते, प्रिंट काढते, चिकटवते. म्हणजे चाफाताई, तुम्ही ज्या वह्या बघताय त्यातल्या काही मुलांनी नाही, आयांनी एआयकडून करून घेतलेल्या असणार. आम्हाला पण सकाळी सात-वीसची लोकल पकडायची असते. प्रकल्प घरी द्यायचाच का? वर्गात करून घ्या ना.

मधलीसुट्टी
आया नव्हत्या तेव्हा आजोबा होते. माझा चौथीतला 'रायगड' आमच्या आजोबांनी बांधला, मला हात लावू दिला नाही :)

रातराणी
वकील आहे, दोन गोष्टी धोरणात असायलाच हव्यात. एक, वय. बऱ्याच एआय कंपन्यांच्या स्वतःच्या अटीत वयोमर्यादा आहे, चॅटजीपीटीसाठी किमान १३ वर्षं आणि १८ च्या खाली पालकांची परवानगी. युनेस्कोने सप्टेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शिका काढली त्यातही वर्गातल्या वापरासाठी १३ ही किमान मर्यादा सुचवलीय. म्हणजे पाचवीच्या मुलांना शाळेनेच अकाउंट उघडायला सांगणं चूक. दोन, माहिती. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक धरतो आणि त्याची माहिती हाताळायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. मुलांसंबंधीच्या जबाबदाऱ्या मोडल्या तर दंड २०० कोटींपर्यंत जाऊ शकतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होतायत, पण शाळांनी आत्तापासून सवय लावून घ्यावी. ते पकडणारं सॉफ्टवेअर घेतलंत तर मुलांचे निबंध, नावासकट, त्या कंपनीच्या सर्व्हरवर जाणार. ते कुठे राहतील, किती दिवस, कशाला वापरतील, हे करारात लेखी मागा. डेमो देणाऱ्याला एवढंच विचारा आणि त्याचा चेहरा बघा.

दोन मुलांची आई
रातराणी, हे फार महत्त्वाचं. आमच्या शाळेत गॅदरिंगचे फोटो नाव-इयत्तेसकट सोशल मीडियावर टाकतात. मी एकदा हरकत घेतली तर बाकीचे पालक म्हणाले एवढं काय त्यात. आता कायद्याचं नाव घेऊन बोलेन.

खडूफळा
सीसीटीव्हीचंही तसंच. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत चिमुरड्यांवर अत्याचाराची घटना झाली, त्यानंतर शासनाने शाळांना कॅमेरे सक्तीचे केले, आणि ते हवेतच, त्यावर दुमत नाही. पण स्क्रीनसमोर कोण बसणार, फुटेज कोण बघणार, कोणाच्या परवानगीने, हे शाळेत कोणाला विचारलं तर उत्तर येत नाही. कॅमेरा लावला म्हणजे मूल सुरक्षित झालं असं मानून शिक्षकांनी जिन्यात उभं राहणं सोडलं तर काय उपयोग.

भरतीओहोटी
धागा भरकटतोय पण चांगला भरकटतोय. मूळ प्रश्नाकडे यायचं तर मी आमच्या शाळेत काय करतो ते सांगतो. विज्ञान-भूगोल, भांडुप. प्रकल्पाचा विषयच असा देतो की यंत्राला उत्तर माहीत असूच शकत नाही. 'पाण्याचा वापर' हा विषय दिला तर 'आधारस्तंभ' येणारच. त्याऐवजी मी दिलं, तुमच्या घरी पाणी किती वाजता येतं, किती वेळ, कशात भरून ठेवता, आणि आजीला किंवा शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा की पूर्वी कुठून भरायचे. मुंबईला सात तलावांचं पाणी येतं, भातसा, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, मोडकसागर, तानसा, विहार, तुळशी, हे पुस्तकात आहे. पण डोंगरावरच्या वस्तीत पहाटे साडेचारला पाणी येतं आणि खालच्या टॉवरमध्ये चोवीस तास, हे मुलांच्या वह्यांतून वर्गात आलं. एका मुलाने निळ्या पिंपाचं चित्र काढलं होतं, त्याच्यावर पेनाने खुणा, सोमवारी इथवर, मंगळवारी इथवर, आणि बाजूला लिहिलं होतं 'बुधवारी ताई केस धुते म्हणून खाली'. हे कुठलं एआय लिहिणार? मग मुलांनीच विचारलं, सर हा फरक का? तिथून दाब, उंची, जलाशय, पाईपलाईन सगळं शिकवून झालं.

चाफा
भरतीओहोटी सर, 'बुधवारी ताई केस धुते' वाचून मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं. हेच हवंय मला. पण एक शंका, मुलांनी घरचं खासगी असं वर्गात सांगणं, कोणाला कमीपणा वाटला तर?

भरतीओहोटी
बरोबर प्रश्न. मी वह्यांतलं नाव न घेता मांडतो आणि कोणाला घरचं लिहायचं नसेल तर शाळेच्या टाकीचं लिही म्हणतो. एक-दोघं दरवर्षी शाळेचीच टाकी घेतात, मी कारण विचारत नाही.

नववी ब
याला जोडून तोंडी विचारणं. वही जमा करताना मूल माझ्यासमोर उभं राहून दोन मिनिटं बोलतं. "आधारस्तंभ म्हणजे काय लिहिलंयस?" एवढंच विचारायचं, दरडावून नाही. ज्याने स्वतः केलंय तो बोलत सुटतो, थांबवावं लागतं. ज्याने नाही केलं तो वहीकडे बघतो. त्याला ओरडायचं नाही, वही परत द्यायची, "समजून घे आणि सोमवारी सांग." सोमवारी बहुतेक जण सांगतात, मग ते एआयकडून शिकले असले तरी शिकलेच की. खडूफळा सर, तुम्ही विचारलं होतंत फरक कसा लिहिणार, मला वाटतं तो असा लिहिता येईल, जे वहीत आहे ते मुलाला तोंडी सांगता आलं पाहिजे.

खडूफळा
हे पटलं. आम्ही परवचा म्हणून घ्यायचो ते वेगळ्या रूपात परत येतंय म्हणायचं. पण वर्गात साठ मुलं असतील तर?

कोरा कागद
साठ नाही हो सर, आमच्याकडे एका तुकडीत सत्तरच्या वर आहेत. कायद्यात प्राथमिकला तीस आणि उच्च प्राथमिकला पस्तीस मुलांमागे एक शिक्षक म्हटलंय, माध्यमिकचं चित्र तुम्हाला माहीत आहे. रोज पाच मुलं घेतली तरी तीन आठवडे जाणार. तेवढा वेळ द्यायचा तर ओटीपी गोळा करायला दुसरं कोणीतरी हवं. माझी चाफाताईंना हात जोडून विनंती, धोरणात हे लिहाच. सॉफ्टवेअरची वर्गणी भरायची तयारी आहे ना संस्थेची? त्याच पैशात अर्धवेळ डेटा एंट्रीची मुलगी ठेवा, शिक्षक वर्गासाठी मोकळे करा.

गिरणगाव
हा या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद.

हार्बर लाईन
अनुमोदन. आणि मुलांना वाचायला काहीतरी चांगलं द्या हो. बालभारतीचं किशोर मासिक १९७१ पासूनचं, जुने अंक ऑनलाईन फुकट वाचायला मिळतात. आम्ही प्रोजेक्टरवर एक गोष्ट लावतो आणि आलटून पालटून मोठ्याने वाचतो. शाळेतल्या पडद्याचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही. चांगलं मराठी कानावर पडलं की मुलांना 'केवळ नसून' आपोआप खटकायला लागतं.

चाफा
सगळ्यांचे मनापासून आभार. मी मसुदा करायला घेतलाय. पकडणाऱ्या सॉफ्टवेअरला नाही म्हणणार, आडगल्ली आणि रातराणी यांची कारणं लिहून. आठवीपर्यंत शाळेकडून कुठलंही एआय अकाउंट नाही. नववी-दहावीला समजून घेण्यासाठी वापरलं तर चालेल, पण वहीच्या शेवटच्या पानावर काय विचारलं ते लिहायचं आणि तोंडी सांगायचं. प्रकल्पाची निदान निम्मी कामं वर्गात. संध्याकाळी सातनंतर ग्रुपवर गृहपाठ टाकायचा नाही, हे दोन मुलांच्या आईसाठी. आणि अर्धवेळ डेटा एंट्रीची मागणी पहिल्या पानावर घेतेय, शेवटच्या नाही.

दोन मुलांची आई
सातनंतर नाही!! ताई, तुमच्या शाळेत ॲडमिशन मिळेल का?

चाफा
या की, मराठी माध्यमात जागा आहेत आणि शिक्षक मनापासून शिकवतात. खरंच सांगतेय.

खडूफळा
एक राहिलं. दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण असतात. तिथे शाळा मुलांना सढळ हाताने गुण देतात हे उघड आहे. तोंडी सांगता आलं नाही तर गुण कापणार का? पालक दारात येतील, आणि शेजारची शाळा पैकीच्या पैकी देत असेल तर आपल्या मुलांचं नुकसान.

नववी ब
गुण लगेच कापू नका, आधी दुसरी संधी द्या. ऑगस्टपासून सुरू केलं तर जानेवारीपर्यंत प्रत्येकाला दोनदा तरी संधी मिळते. तरीही नाही आलं तर कापा, आणि पालकांना तेव्हा नाही, जूनच्या पालक सभेतच सांगून ठेवा.

चाफा
जूनच्या सभेत सांगायचं हे लिहून घेतलं. मीटिंग पुढच्या शनिवारी आहे, ट्रस्टी काय म्हणाले ते इथेच कळवते. तोवर कोरा कागद, तुमच्याकडे डेटा एंट्रीला माणूस ठेवला असेल किंवा चौकशी केली असेल तर महिन्याचा खर्च साधारण किती येतो ते मला व्यक्तिगत निरोपात (व्यनि) कळवा, मीटिंगमध्ये आकडा लागेल.